साठ दातांचं चाक

शिरूर
१० जुलै २०२५, आषाढ पौर्णिमा

महेंद्र भाऊजी,

सप्रेम जयभीम. पत्र फाडायच्या आधी निदान पहिलं पान वाचा. अक्षर ओळखलं असेलच. नऊ वर्षांनी लिहितेय, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितेय. सुलक्षणानं दोनदा उचलला. "हे ड्युटीवर गेलेत ताई," म्हणाली आणि मागून तुमचा खोकला ऐकू आला. तिला रागावू नका, खोटं बोलायची सवय नाही बिचारीला.

आजपासून विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. तिथून आले, यांना जेवायला वाढलं, हे आडवे झाले आणि मी कागद घेतला. या पत्राचं तुमच्या दादांना काही माहीत नाही.

कामाचं सांगते. दादा रिटायर होऊन दोन वर्षं झाली. पस्तीस वर्षं रांजणगावच्या कंपनीत टर्नर म्हणून उभा राहिलेला माणूस, पहिलं वर्षभर बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. मी सकाळी ज्या कुशीवर सोडून जायची, दुपारी आले तर त्याच कुशीवर. जेवणात मीठ कमी आहे की जास्त, तेही बोलायचे नाहीत. मग गेल्या वर्षी एक दिवस उठले, मागच्या पत्र्याच्या खोलीत गेले आणि वाटणीत आलेल्या आबांच्या लेथ मशीनवर मी टाकलेली जुनी साडी ओढून काढली. तेव्हापासून इंजिन करताहेत.

खेळणं नाही हो. खरं इंजिन, पेट्रोलवर चालणारं, चार स्ट्रोकचं. फक्त वीतभर. पिस्टन माझ्या अंगठ्याएवढा, तो शिक्रापूरच्या गॅरेजमधून आणलेल्या ट्रकच्या फुटक्या पिस्टनच्या तुकड्यातून काढलाय. पेट्रोलची टाकी म्हणजे माझी हिंगाची डबी. मी डब्या टाकत नाही म्हणून इतकी वर्षं हसायचे, आता शांतपणे मागायला आले. डोळे अधू झालेत, त्यामुळे मापं ते सांगतात आणि मी लिहिते. माझ्या रोजच्या वहीत दूध, गिरणी, गॅस यांच्याखाली "क्रँक, दोन थाऊ कमी करणे" असं लिहिलेलं आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे मला साठाव्या वर्षी कळलं. मॅट्रिकला सायन्समध्ये काठावर सुटले होते मी.

आता सगळं अडलंय ते स्पार्क प्लगपाशी. एवढ्या लहान इंजिनाचा प्लग स्वतःच करावा लागतो, आणि त्याचे आटे फार बारीक. ते लेथवरच पाडायला हवेत. आणि आटे पाडायला लेथच्या बाजूला जी चाकं बदलून लावतात, ती गिअरची चाकं तुमच्याकडे आहेत. लोखंडी डब्यात. वाटणीच्या यादीत ती तुमच्याकडे कशी गेली ते मी आता उकरत नाही.

तेवढा डबा पाठवाल का? दौंड-शिरूर एसटीत कुणा ओळखीच्या हातात दिला तरी मी स्टँडवर येऊन घेईन. दादा म्हणतात, आटे पाडता येत नाहीत ते लेथ म्हणजे लोखंडाचा ओटा. वरवंडच्या एका वर्कशॉपवाल्याला मशीन विकायचा शब्द दिलाय, विजयादशमीला टेम्पो येणार. भाऊजी, मशीन गेलं की हा माणूस परत त्या बाजेवर जाईल. एवढंच मला भय आहे.

तुमची वहिनी
करुणा

शिरूर
२९ जुलै २०२५

महेंद्र भाऊजी,

जयभीम. पत्र पोचलं असेल. उत्तर नाही, म्हणून पुन्हा लिहितेय.

काल वरवंडचा माणूस मशीन बघून गेला. जयसिंग नाव त्याचं, बोलका आहे. लेथभोवती दोन फेऱ्या मारल्या, त्याच्या लोखंडी बेडवरून हात फिरवला.

"काका, मशीन लई जपलंय. पण ह्याचं गिअर कुठं हायेत?"

"न्हाईत."

"न्हाईत म्हंजी? हरवलं?"

"भावाकडं हायेत, दौंडला."

तो हसायलाच लागला. "बैलगाडी एकाकडं आन् चाकं दुसऱ्याकडं! कुणाच्या डोक्यातून निघाली ही वाटणी?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. दादा म्हणाले, "माझ्या भावाच्या. मला पांगळं करायचं होतं त्याला." जयसिंगनं माझ्याकडे बघितलं. मी कप ठेवले आणि आत गेले. आत जाऊन उगाच तांदूळ निवडत बसले, ते तांदूळ आधीच निवडलेले होते.

दुपारी दादांनी कानशीनं आटे घासायचा प्रयत्न केला. हातानं! तिसरा प्लग मोडला तेव्हा मी म्हणाले, "अहो, रांजणगावात कुणाच्या तरी लेथवर पाडून आणा की. दहा मिनिटांचं काम."

"पाडून आणायचं असतं तर इंजिन इकतच आणलं असतं."

"मग भाऊजींना विचारा."

"कोण भाऊजी?"

असं आहे बघा. तुम्ही दोघं एकाच आबांचे मुलगे, त्यामुळे मला उत्तर न येण्याचं नवल वाटत नाही. तरी वाट बघतेय.

करुणा

शिरूर
९ ऑगस्ट २०२५, श्रावण पौर्णिमा

महेंद्र भाऊजी,

तुमचं कार्ड परवा मिळालं. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं, हे बरं झालं. चारच ओळी, पण मी त्या दहादा वाचल्या. "दादांनी मला अख्ख्या आळीसमोर चोर म्हटलं. यादी त्यांच्याच बायकोनं लिहिलेली होती. त्यात डबा माझ्या नावावर होता. आता त्या चोराकडं काय मागता?"

बरोबर आहे तुमचं. आता मी जे लिहिते ते नीट वाचा. मागच्या दोन्ही पत्रांत मी ते चुकवलं.

आबा गेले, त्यांचं पुण्यानुमोदन होऊन आठवडा झाला होता. घर तुम्हाला, लेथ दादांना, हे आबा स्वतःच सांगून गेले होते. राहिली होती हत्यारं. तुम्ही एका भिंतीला टेकून, दादा दुसऱ्या भिंतीला. दोघंही बोलायला तयार नव्हतात. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "वहिनी, तुम्ही लिहा. तुमचा हिशेब चोख असतो." दादाही हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तुमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून माझ्या चोखपणाचंच कौतुक झालं, रूपाचं कधी झालं नाही.

मी पानाच्या मध्ये रेघ मारली. डावीकडे दादा, उजवीकडे तुम्ही. व्हाइस, ग्राइंडर, ड्रिल, एकेक वस्तू लिहीत गेले. शेवटी मोजलं तर डावीकडे बारा, उजवीकडे दहा. ते मला खटकलं. मोठ्या भावाला दोन वस्तू जास्त, लोक म्हणतील वहिनीनं नवऱ्याकडे ओढलं. मग डावीकडची कुठली हलवावी म्हणून बघितलं, तर "चाकांचा डबा" दिसला. लेथ वेगळं लिहिलेलं, डबा वेगळा लिहिलेला. मला वाटलं, सुटी चाकं आहेत, असतील कशाची तरी. खोडलं आणि उजवीकडे लिहिलं. अकरा आणि अकरा. पान कसं छान दिसलं!

तुम्ही दोघांनी न वाचता सह्या केल्या. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. टेम्पोत लेथ चढलं, दादा डबा उचलायला गेले, तुम्ही म्हणालात, "यादीत माझ्याकडं हाय." आणि दादांच्या तोंडून तो शब्द गेला. मी टेम्पोत पुढे बसलेली होते. रस्त्यात दादांनी मला विचारलं, "हे त्यानं लिवायला सांगितलं का तुला?" मी म्हणाले, "मला काय त्यातलं कळतंय. सांगितलं तसं लिहिलं."

बघा. कुणी सांगितलं नव्हतं. चूक मला महिन्याभरात कळली होती, दादा लेथपाशी उभे राहून चाकांच्या मोकळ्या जागेत बोटं फिरवायचे तेव्हाच. पण चोखपणा गेला असता माझा. नऊ वर्षं रोज सकाळी पंचशील म्हणते, खोटं न बोलण्याच्या त्या चौथ्या शीलापाशी आवाज आपोआप लहान होतो. विहारात शेजारी बसणाऱ्या रंभाबाई एकदा म्हणाल्याही, "चार नंबरला तुमचा घसा बसतो का हो?"

तुम्ही चोर नव्हता. दादांनाही कुणी पांगळं केलं नाही. ते मी केलं, दोन रकाने सारखे दिसावेत म्हणून.

दादांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही लांब आहात. तुमच्यासमोर ताट वाढायचं नसतं रोज.

करुणा

शिरूर
८ सप्टेंबर २०२५

महेंद्र भाऊजी,

काल भाद्रपद पौर्णिमा झाली. विहारातून आल्या आल्या, चप्पल पायात असतानाच दादांना सांगितलं. बसून सांगायला गेले असते तर पुन्हा टळलं असतं. ती जुनी यादीही काढून दाखवली, खोडलेली ओळ त्यावर अजून दिसते.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. कागद उजेडाकडे धरला, खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "बारा आन् दहा असते तर काय बिघडलं असतं गं?"

"लोकांनी नावं ठेवली असती."

"कुणी? त्या खोलीत लोक किती होते?"

तीन होतो. मी, तुम्ही आणि ते.

संध्याकाळी त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला. साखर विसरले आणि तसाच प्यायले. आज सकाळी मात्र माझ्या हातचा घेतला. म्हणाले, "तुझ्यावर चिडून काय करू? तू एक ओळ खोडलीस. मी नऊ वर्षं त्याला काय काय बोललो. गोकुळच्या दुकानात बोललो, कंपनीत बोललो. आपल्या पोरीच्या लग्नाला बोलावलं न्हाई."

"मग आता बोलवा. फोन लावून देते."

"कोणत्या तोंडानं?"

"ह्याच. दुसरं आहे का?"

हसले नाहीत, पण मिशी हलली. एवढ्यावर मी थांबले. टेम्पोचं मात्र अजून रद्द केलेलं नाही. म्हणतात, शब्द दिलाय. मी रोज खोली झाडते, इंजिनावरचं फडकं उचलून बघते आणि परत झाकते. तुम्ही माझ्या मागच्या पत्राला काही लिहिलं नाहीत. लिहावंच असं नाही. पण रागावला असाल तर माझ्यावर रागवा, माणूस बरोबर धरा यावेळी.

करुणा

शिरूर
२० सप्टेंबर २०२५

महेंद्र भाऊजी,

सकाळी सुलक्षणाचा फोन आला होता. तिनं सगळं सांगून टाकलं, आता तिला बोलू नका. माझं पत्र वाचून तुम्ही माळ्यावरून डबा काढलात, रॉकेलमध्ये चाकं भिजत घातलीत, दोन दिवस ब्रश मारलात, आणि मग मोजलं तर एक कमी. साठ दातांचं. सगळ्यात मोठं.

ती म्हणते, "ताई, मीच घेतलं हो ते. लोणच्याच्या बरणीत कैरी दाबायला. जड होतं, गोल होतं, बरणीत बरोबर बसलं. सात वर्षं त्याच्यावरच लोणचं मुरलंय."

भाऊजी, मी फोनवर इतकी हसले की दादा मागच्या खोलीतून बघायला आले. कसंबसं सांगितलं. म्हणाले, "लोणच्यात? मिठात?" आणि मग बाजेवर बसून तेही हसले. किती महिन्यांनी.

तर तुम्ही येत नाही ते यामुळे. मिठानं चाक खाल्लंय, एक दात अर्धा गेलाय, आणि हे घेऊन दादांसमोर कसं जायचं म्हणून तोंड लपवून बसलाय. इकडे हे तोंड लपवून बसलेत. तुम्हा दोघांच्या तोंडांचा मला कंटाळा आलाय आता.

दादांना विचारलं. ते म्हणाले, "दात बसवता येतो. खाच करायची, तुकडा बसवायचा, पितळेनं भरायचं, आन् घासून आकार द्यायचा. पण धरायला दुसरा माणूस लागतो." दुसरा माणूस, असंच म्हणाले. नाव घेतलं नाही. पण बघत माझ्याकडे होते.

विजयादशमी दोन ऑक्टोबरला आहे. चाक घेऊन या. लोणचंही आणा थोडं.

करुणा

शिरूर
७ ऑक्टोबर २०२५, आश्विन पौर्णिमा

महेंद्र भाऊजी,

जयभीम. वर्षावास आज संपला. विहारात खिरीचं वाटप होतं, ते करून आले आणि लगेच लिहायला बसले. तुम्ही गुरुवारी दुपारी ड्युटीसाठी निघालात त्यानंतरचं सांगायचं राहिलंय.

आधी एक बोलते. अठ्ठावीस तारखेला तुम्ही दारात आलात तेव्हा मला वाटलं होतं, दोघं गळ्यात पडतील. रडारड होईल म्हणून मी शेजारच्या सविताला येऊ नको म्हणून सांगून ठेवलं होतं. आणि तुम्ही काय केलंत? पिशवीतून चाक काढून पुढे धरलंत. दादांनी ते घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "मेथी जास्त झालीय." झालं! नऊ वर्षांचं बोलणं एवढ्यात आटपलं.

पण मग त्या पत्र्याच्या खोलीत चार दिवस जे चाललं होतं, ते मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"किती?"

"अजून थोडं घे. डावीकडनं."

"घेतलं. आता?"

"चष्मा लाव दादा."

"लावलाय."

"मग पुसून लाव."

तुम्ही चाक धरलेलं, ते कानस मारताहेत. मध्येच ते धरताहेत, तुम्ही मारताय. मी चहा घेऊन आले तर दोघांनी एकदम "ठेव तिथं" म्हटलंत, त्याच आवाजात, आबांच्या. मला काही कळेना की उत्तर कुणाला द्यावं.

आणि बुधवारी तो प्लग झाला. पहिल्या फटक्यात आटे आले. तुम्ही दोघं नुसते वाकून बघत राहिलात. त्याचं माप मी वहीत लिहिलं, तुम्ही सांगितलंत, दादांनी नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

आता गुरुवारचं. तुम्ही स्टँडवर गेलात आणि अर्ध्या तासात जयसिंगचा टेम्पो आला. चार माणसं, दोर, बल्ल्या सगळं घेऊन. दादा दारात उभे राहिले. म्हणाले, "मशीन द्यायचं न्हाई."

"काका, शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता. गिअर नसलेलं मशीन देतो म्हणालो होतो. ते मशीन आता माझ्याकडं न्हाई."

जयसिंगनं आत येऊन बाजूची चाकं बघितली, त्या पितळी दातावर नख फिरवलं आणि म्हणाला, "कुणी बसवला हो?" दादा म्हणाले, "भावानं." मी जेवायला थांबवलं सगळ्यांना, टेम्पोचं भाडं दादांना द्यायला लावलं. तुमचं लोणचं संपलं त्यातच.

रविवारी सकाळी इंजिन लावलं. दादा तुमच्यासाठी थांबणार होते, पण मीच म्हणाले, तुमची रजा नाही तोवर एकदा बघून तर घ्या. फळीवर घट्ट बसवलं, हिंगाच्या डबीत पेट्रोल घातलं, वायर जोडली आणि फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. आठव्यांदा एकच फाटकन आवाज आला आणि सायलेन्सरच्या जागी लावलेल्या नळीतून निळा धूर. मग नवव्यांदा सुरू झालं, भाऊजी. फट, फट, फट, फट. मी मोजत होते, सवयच आहे. सतरा. सतराव्याला दम सुटला आणि थांबलं. नंतर किती ओढलं तरी नाही.

मी दादांच्या तोंडाकडे बघायला घाबरले. वाटलं, गेलं सगळं. पण ते पिस्टन बाहेर काढून, सिलिंडरच्या आत बोट घालून, खिडकीपाशी धरून बघत होते आणि डोळ्यांत असं काही होतं, जे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी बघितलं होतं. म्हणाले, "कॉम्प्रेशन गळतंय. बोअर, हे आतलं भोक, मोठा झालाय माझ्याच्यानं. सिलिंडर नवीन करावं लागंल." आणि लगेच जुन्या भंगारात ओतीव लोखंडाचा दांडा शोधायला गेले. दुपारी झोपले नाहीत. काल नाहीत, आज नाहीत. बाज उभी करून भिंतीला लावली मी.

तुमची रजा कधी आहे ते कळवा. सुलक्षणालाही आणा, तिला सांगा बरणीत आता दगड ठेव. नळाजवळचा मी धुऊन ठेवलाय एक.

हे सगळं दादांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "खाली चार ओळींची जागा ठेव." मी आतापर्यंत कागदाची एवढी जागा कधी मोकळी सोडली नव्हती. ठेवते.

तुमची वहिनी
करुणा

महेंद्र,
बोअर दोन थाऊ मोठा झालाय. चूक माझी. आळीत बोललो, ती पण माझीच. नवीन सिलिंडर लेथच्या चकमध्ये बांधून ठेवलंय. तू आल्याशिवाय टूल लावत न्हाई.
दादा